माळाची माती ओळखायची कशी? पहिल्या टिकावापासून शास्त्रीय नावापर्यंत

पुण्याहून सोलापूरच्या दिशेला निघालं की सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूर, तिकडे कर्जत, करमाळा अशा सगळ्या पट्ट्यात उसाच्या हिरव्या पट्ट्यांमधून अधूनमधून उघडे माळ लागतात. पावसाळ्यात हिरवे, दिवाळीनंतर पिवळे, उन्हाळ्यात करपलेले. गावात विचारा, "बरड आहे" म्हणतील. सातबारा बघा, 'पोटखराबा' लिहिलेलं असेल. माती प्रयोगशाळेत दिलीत तर कागदावर 'पोयटा' असं येईल, आणि पोयटा म्हणजे तर पुस्तकातली सगळ्यात चांगली माती! मग तिथे ज्वारी का येत नाही?

कारण पोयटा हे मातीचं नाव नाही, ते तिच्या कणांच्या मिश्रणाचं नाव आहे. मातीचं नाव ठरतं ते थरांवरून, आणि माळावर त्याहूनही जास्त खोलीवरून. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी आजवर मातीचा खड्डा कधी वाचलेला नाही: भूगोल-कृषीचे विद्यार्थी, गवताळ माळांवर काम करणारे स्वयंसेवक, किंवा नुकताच दोन एकर माळ विकत घेऊन आता त्यावर झाडं लावायला निघालेले उत्साही लोक. (शेवटच्या मंडळींनी रोपांची ऑर्डर देण्याआधी वाचावा.)

आधी शब्दांचा घोळ मिटवू

मराठीत 'पोयटा' दोन अर्थांनी वापरतात. नदीकाठी साचलेल्या बारीक गाळालाही पोयटा म्हणतात आणि वाळू, गाळ, चिकणमाती यांच्या समतोल मिश्रणालाही. इथे मी दुसऱ्या अर्थाने वापरतो आहे. अमेरिकी पद्धतीप्रमाणे २ मिमी ते ०.०५ मिमी म्हणजे वाळू, ०.०५ ते ०.००२ मिमी म्हणजे गाळ आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. चिकणमाती ७ ते २७ टक्के, गाळ २८ ते ५० टक्के आणि वाळू ५२ टक्क्यांपर्यंत असली की तो पोयटा. चिकणमाती २७ टक्क्यांच्या वर जाऊन ४० पर्यंत पोचली, आणि वाळू २० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असली, की चिकण पोयटा.

एक मेख आहे. आपल्याकडच्या काही प्रयोगशाळा जुनी आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात. तिच्यात गाळाची वरची सीमा ०.०५ नव्हे, ०.०२ मिमी आहे. म्हणजे तीच माती, तेच कण, पण गाळाचा काही भाग वाळूच्या खात्यात जातो आणि नाव बदलतं. अहवाल हातात आला की आधी विचारा, सीमा कोणती धरली? नाहीतर दोन अहवाल शेजारी ठेवून डोकं खाजवत बसाल.

दुसरा शब्द 'निमशुष्क'. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा अवर्षणप्रवण पट्टा. पाऊस साधारण ५०० ते ७०० मिमी, तोही जून-जुलैत थोडा, मध्ये दडी, मग सप्टेंबरात पुन्हा. निमशुष्क ऐकून नवखे लगेच वाळवंटी मातीच्या गणात (गण म्हणजे वर्गीकरणातला सगळ्यात वरचा गट) उडी मारतात. तसं करू नका, पुढे त्याचं कारण येईल.

जागा: एक नाही, तीन

माळ म्हणजे एकच माती नव्हे. सगळीकडे खाली तोच दख्खनचा काळा पाषाण आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. पण माथ्यावरून पाण्याने माती ओढून पायथ्याशी नेली आहे. त्यामुळे माथ्यावर चार बोटं तांबूस भरड, उतारावर हात-दीड हात तपकिरी पोयटा आणि ओढ्याकाठी भेगाळणारी काळी, असा क्रम शे-दोनशे पावलांत दिसू शकतो. म्हणून माथा, मधला उतार आणि पायथा अशा तीन जागा एका सरळ रेषेत धरा.

खोदण्यापूर्वी आसपास चक्कर मारा. नवं शेततळं, विहिरीचा वरचा काठ, रस्त्याची कापलेली कड, हे फुकटात मिळालेले खड्डे. त्यांचा उघडा पडलेला पृष्ठभाग मात्र उन्हापावसाने बिघडलेला असतो. वीतभर आत खरवडून ताजी बाजू काढल्याशिवाय काही लिहू नका.

गवतही थोडं बोलतं. मारवेल दाट असेल तर माती बरी खोल असण्याची शक्यता असते. शेडा, डोंगरी गवत मध्यम-उथळ उतारावर. जिथे नुसती कुसळं उरलीत तिथे बहुधा चराई फार झालेली असते, माती उथळ असेलच असं नाही. गवतावरून अंदाज बांधा, निकाल देऊ नका.

परवानगीचं सांगायलाच हवं. सुप्याचं मयूरेश्वर, कर्जतचं रेहेकुरी, सोलापूरजवळचं नान्नज ही अभयारण्यं आहेत, आणि माळाचे बरेच तुकडे वनखात्याचे असतात. तिथे लेखी परवानगीशिवाय टिकाव लावायचा नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला सांगा. आणि जे मेंढपाळ तिथे नेहमी येतात त्यांनाही सांगा. खड्डा कुठे आहे हे त्यांना ठाऊक असायला हवं, शिवाय "खाली काय लागेल" याचा सगळ्यात अचूक अंदाज बऱ्याचदा त्यांच्याकडूनच मिळतो. वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, खुंट्या ठोकून ठोकून त्यांना मुरूम कुठे वर आलाय ते पाठ झालेलं असतं.

काय घेऊन जायचं

टिकाव, फावडं, घमेलं, पहार. मापाची टेप, बोथट चाकू, चाळणी (२ मिमीची, किराणा दुकानातली चहाची गाळणी नव्हे), पाण्याच्या दोन बाटल्या, भिंग, पिशव्या, मार्कर. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडची छोटी ड्रॉपर बाटली, साधारण १० टक्के तीव्रतेची. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तयार करून घ्या. घरी करणारच असाल तर ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. मातीचा रंग ताडून बघायची मुन्सेलची रंगपुस्तिका महाग असते, कुणाकडून तरी उसनी मिळते का बघा. आणि जाड हातमोजे. माळावरच्या दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं. दगड उचलताना आपल्याकडे ओढायचा, म्हणजे खालून निघणाऱ्याला पलीकडे वाट मिळते.

दिवस निवडायचा तो पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. एप्रिल-मेत हीच माती विटेसारखी होते. एकच काम उन्हाळ्यात करायचं: जमिनीला भेगा पडतात का, किती रुंद पडतात, ते बघून ठेवायचं.

खोदणं

लांबी दीड मीटर, रुंदी एक मीटर. जी बाजू वाचायची तिच्यावर ऊन पडेल अशी दिशा धरा आणि त्या बाजूच्या काठावर उभं राहू नका, माती टाकू नका. तिथलं गवत तुडवलं की वरच्या पाच सेमीची रचना गेलीच. वरची माती, मधली माती आणि खालचा मुरूम, तिन्ही वेगवेगळ्या अंगांना. हे कशासाठी ते शेवटी कळेल.

खोल किती जायचं? मुरूम किंवा खडक लागेपर्यंत, आणि मुरूम लागल्यावर आणखी वीतभर. काहीच लागलं नाही तर दीड मीटरला थांबा. पण उतारावरच्या माळात तशी वेळ क्वचित येते.

थर वाचणं

खड्ड्याची बाजू चाकूच्या टोकाने वरून खाली खरवडा. गुळगुळीत कापू नका, टोकाने उचकटा. मातीचे नैसर्गिक ढेकूळ-कण आपापल्या जागी मोडले पाहिजेत. मग दहा मिनिटं नुसतं बघा. खरंच बघा, बहुतेक जण लगेच टेप लावायला धावतात.

वर साधारण १० ते १५ सेमी मुळांनी भरलेला, बाजरीच्या दाण्यासारखा सुटा होणारा थर असेल. हा 'ए' थर. फार चराई झालेल्या जागी याच्या माथ्यावर दोन-तीन सेमीचा पापुद्रा दिसतो, खुरांनी दाबलेला, आडवा सुटणारा. त्याची वेगळी नोंद करा, कारण पाणी मुरणं तिथेच अडतं.

त्याखाली रंग जरा उजळ किंवा तांबूस होतो, ढेकळं कोनेरी होतात, बोरापासून सुपारीएवढी. मूळ खडकाची ठेवण दिसत नाही. हा 'बी' थर. त्याच्या नावापुढे छोटी अक्षरं लावतात: नुसता रंग-रचनेने वेगळा असेल तर 'बीडब्ल्यू', चुना साचलेला असेल तर 'बीके', वरून चिकणमाती उतरून बसली असेल तर 'बीटी'. खाली कुजलेला खडक, म्हणजे मुरूम, तो 'सीआर'. आणि अखंड कातळ तो 'आर'.

'बीटी'च्या बाबतीत दख्खनच्या माळावर दोनदा विचार करा. दोन लाव्हा प्रवाहांच्या मध्ये कधीकधी लालभडक मातीसारखा थर असतो. तो लाव्हाच्या काळातला, तुमच्या मातीच्या जन्माआधीचा. नवखे त्याला चिकणमाती साचलेला थर समजून बसतात. तो थर आडवा लांबवर सरळ जातो आणि त्याच्या खाली पुन्हा खडक असतो, ही त्याची खूण.

पोत: हाताने, मग बरणीने

प्रत्येक थरातली मूठभर माती चाळा. चाळणीतून खाली पडलेलीच घ्यायची. हे मी मोठ्या अक्षरात लिहायला हवं, कारण माझी पहिली चूक इथेच झाली. माळाची माती तशीच मळली, बोटांना मुरमाची कच लागली, आणि मी बेधडक 'वाळुकामय' लिहून मोकळा झालो. ती वाळू नव्हतीच, ते २ मिमीहून मोठे मुरमाचे तुकडे होते. पोत २ मिमीच्या आतल्या मातीचा बघतात, दगडांचा हिशोब वेगळा.

आता थेंब थेंब पाणी घालून भाकरीच्या पिठाइतकी मऊ मळा. दोन मिनिटं तरी मळा. आपल्या मातीतली चिकणमाती बारीक गोळ्यांमध्ये दडलेली असते, ती उशिरा सुटते. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पुढे ढकलत पट्टी काढा. पट्टी २.५ सेमीच्या आत तुटली तर पोयटा किंवा त्याहून हलकी. २.५ ते ५ सेमी टिकली तर चिकण पोयट्याच्या गटातली. त्याहून लांब लोंबली तर चिकणमाती. पट्टी तुटल्यावर चिमूटभर माती तळहातावर भरपूर पाण्यात चोळा. करकर जास्त लागली तर वाळू, मैद्यासारखं गुळगुळीत वाटलं तर गाळ. दोन्ही सारखंच जाणवलं, कशाचाच वरचष्मा नाही, तर तो पोयटा.

घरी आल्यावर बरणी. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा चाळलेली माती, पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. पाच मिनिटं हलवा आणि टेबलावर ठेवून घड्याळ लावा. साधारण पाऊण-एक मिनिटात जे तळाशी बसलं ती वाळू, काचेवर रेघ मारा. दोन तासांनी दुसरी रेघ, तो गाळ. वरचं पाणी निवळायला एक दिवस लागेल, कधी दोन. समजा एकूण उंची १० सेमी आली आणि थर ४.२, ३.४, २.४ सेमी, तर ४२, ३४, २४ टक्के, म्हणजे पोयटा. बेसॉल्टच्या मातीतली चिकणमाती पाण्यात फुगते, त्यामुळे बरणी ती थोडी जास्तच दाखवते. वर्गीकरणासाठी प्रयोगशाळेचा आकडा लागतोच. बरणी ही तुमचा हात सुधारण्यासाठी.

दगडांचा हिशोब

चाळणीवर उरलेले खडे फेकून देऊ नका. वर्गीकरणात बघतात ते त्यांचं आकारमान. ३५ टक्के किंवा जास्त झालं की मातीच्या कुळाच्या नावात 'स्केलेटल' म्हणजे हाडकुळी हा शब्द येतो. इथे सगळे फसतात, कारण आपण वजन करतो. एक किलो वाळलेल्या मातीत ४०० ग्रॅम खडे निघाले. वाटतं, ४० टक्के, झाली हाडकुळी. पण खड्यांची घनता साधारण २.६ धरली तर ते १५४ घन सेमी जागा घेतात, आणि उरलेली ६०० ग्रॅम माती १.४ घनतेने ४२९ घन सेमी. म्हणजे खडे आकारमानाने २६ टक्केच. सुटली.

चुना आणि चुन्याची सोंगं

प्रत्येक थरावर ॲसिडचा एकेक थेंब टाका. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट आहे. वरच्या थरात काहीच नाही, खालच्यात बारीक बुडबुडे, मुरमाच्या फटीत जोरात फेस, असा क्रम या पट्ट्यात नेहमीचा. पावसाबरोबर चुना खाली उतरतो, पण पाऊस कमी, त्यामुळे तो मातीतून निघून न जाता वाटेतच थांबतो. निमशुष्क मातीची ही खरी सही.

आता सोंगं. दख्खनच्या खडकात पोकळ्यांमधून पांढरे स्फटिक असतात, झिओलाइट. गारगोटीही असते. मुरमात चमकणारं पांढरं दिसलं की 'चुनखडी' लिहायचा मोह होतो. झिओलाइट आणि गारगोटी थेंबाखाली ढिम्म राहतात. उलट खडकातच घट्ट बसलेला कॅल्साइटचा स्फटिक फसफसतो, पण तो मातीत साचलेला चुना नव्हे, खडकाबरोबर आलेला. मातीतला चुना धाग्यासारखा, पिठूळ, मुळांच्या वाटेने किंवा फटीच्या भिंतीवर बसलेला असतो, आणि नखाने सुटतो.

सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान येतो. आपल्याकडे माती आणि पाणी १:२.५ धरून मोजतात. त्याच्या वर गेला आणि माती ओली असताना रबडीसारखी, सुकल्यावर दगडासारखी होत असेल तर चोपणपणाचा संशय घ्या आणि सोडियम तपासून घ्या. उंच माळावर हे विरळा, ओढ्याकाठी अधिक.

रंगाचं थोडक्यात: ओला आणि कोरडा दोन्ही, सावलीत नव्हे, गॉगल काढून. ७.५ वायआर ३/४ अशी नोंद म्हणजे तांबूस छटेचा गडद तपकिरी. पहिला आकडा आणि अक्षरं छटेची, मग गडदपणा, मग रंगाचा जोर.

तळ: मुरूम की कातळ?

माझ्या मते सगळ्या खड्ड्यात ही सर्वात महत्त्वाची दोन मिनिटं, आणि अहवालांमध्ये सर्वात घाईत उरकलेली. तळाला फावडं मारा. कष्टाने का होईना खणता आलं, तर तो मुरूम. फावडं नुसतं ठणठणलं तर कातळ. जेसीबीवाले 'हार्ड मुरूम' म्हणतात तो मधला प्रकार. त्याचा खडा रात्रभर पाण्यात ठेवा, कडेने कुसकरायला लागला तर मुरमात धरा. मग मुळं शिरतील अशा फटी एकमेकींपासून किती लांब आहेत ते मोजा. १० सेमी किंवा जास्त अंतर असेल तरच त्या थराला मुळांची खरी अडवणूक मानतात. त्याहून जवळजवळ असतील तर तो तळ मानत नाहीत.

खोलीचं महत्त्व हा काही नवा शोध नव्हे. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन महसुलाची नवी मोजणी सुरू केली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तिच्यात मातीची प्रत रंग-पोतावरून तीन गटांत आणि खोली हातांनी मोजून, मिळून नऊ वर्ग लावत. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती सोळा आण्यांची. उथळ आणि भरड होत जाईल तसे आणे कमी. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं हे 'दोष' धरून आणखी खाली उतरवत. हेतू सारा वसूल करण्याचा होता, पण टिकाव मारून खोली बघायची हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आज अनेक मृदा तपासणी पत्रकांवर खोलीचा रकानाच नसतो!

नाव लावणं

आता वर्गीकरण. भारतात अमेरिकी 'सॉइल टॅक्सॉनॉमी' चालते. नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था (स्थापना १९७६) तीच वापरते. तिच्यात १२ गण आहेत आणि किल्ली चाळणीसारखी चालते: वरून सुरुवात करायची, जिथे अडलं तिथे थांबायचं. सोयीचं नाव आधी ठरवून पुरावे शोधायचे नाहीत.

उदाहरणासाठी मधल्या उतारावरचा असा खड्डा घेऊ, या पट्ट्यात सहज भेटणारा. ० ते १२ सेमी 'ए' थर, रंग ओला ७.५ वायआर ३/४, पोयटा, चिकणमाती २१ टक्के, फेस नाही. १२ ते ३४ सेमी 'बीडब्ल्यू', कोनेरी ढेकळं, पोयटाच, चिकणमाती २४ टक्के, तळाशी किंचित फेस. ३४ सेमीपासून मुरूम, फटी वीतभर अंतरावर, फटींच्या भिंतींवर पांढरी पूड. खडे आकारमानाने २० टक्के. उन्हाळ्यात ठळक भेगा नाहीत.

व्हर्टिसोल, म्हणजे काळी भेगाळणारी? तिला निदान ३० टक्के चिकणमाती, भेगा आणि आत घासून चकाकलेले तिरपे पृष्ठभाग लागतात. नाही.

ॲरिडिसोल? इथे ती निमशुष्कची मेख. त्या गणाला मातीची ओल 'ॲरिडिक' लागते: ऊबदार हंगामात अर्ध्याहून अधिक दिवस पूर्ण कोरडी आणि सलग ९० दिवसही ओलसर नाही. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर माती दडी मारत का होईना ओलसर राहते. ही 'उस्टिक' ओल. म्हणून नाही.

मॉलिसोल, गवताळ प्रदेशांची प्रसिद्ध काळसर सुपीक माती? गवत आहे, मग हीच असणार असं वाटतं. पण वरच्या थराच्या रंगाचा जोर ओला असताना ३ किंवा कमी लागतो. आपला ४. नाही. दाट गवताच्या जपलेल्या जागी आकडा ३ वर येऊ शकतो, तेव्हा तिथे जाडी आणि सेंद्रिय कर्बही बघा, कर्ब किमान ०.६ टक्के लागतो.

अल्फिसोल? त्यासाठी खालच्या थरात चिकणमाती साचलेली हवी. वरच्या थरात ती १५ ते ४० टक्के असेल तर खाली निदान १.२ पट. २४ भागिले २१ म्हणजे १.१४. नाही.

उरले दोघे: इन्सेप्टिसोल आणि एन्टिसोल, म्हणजे तरुण आणि अगदी कोवळी. 'बी' थर बदललेला आहे, १५ सेमीहून जाड आहे, आणि त्याचा तळ २५ सेमीच्या खाली गेलेला आहे. पास. म्हणून इन्सेप्टिसोल, उस्टिक ओलीमुळे उस्टेप्ट, चुन्याचा जाड थर नाही म्हणून हॅप्लुस्टेप्ट. तळाशी कातळ असता तर पुढे 'लिथिक' लागलं असतं. मुरूम आहे म्हणून 'टिपिक', आणि ५० सेमीच्या आत अडल्यामुळे कुळाच्या नावात 'शॅलो'. पूर्ण नाव काहीसं असं होईल: लोमी, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, आयसोहायपरथर्मिक, शॅलो, टिपिक हॅप्लुस्टेप्ट. यातली खनिजांची आणि धनायन विनिमयाची विशेषणं प्रयोगशाळेशिवाय लावू नका. 'आयसोहायपरथर्मिक'चा अर्थ मातीचं वार्षिक सरासरी तापमान २२ अंश किंवा अधिक आणि उन्हाळा-हिवाळ्यातला फरक ६ अंशांहून कमी.

आता चाळीस पावलं वर, माथ्याच्या दिशेने चला. तोच पोयटा, तोच रंग, बोटांना तीच करकर. पण मुरूम २२ सेमीवर. 'बी' थराचा तळ २५ सेमीला पोचत नाही, आणि माती गण बदलते: एन्टिसोल, उस्टॉर्थेन्ट. प्रयोगशाळेच्या पोताच्या रकान्यात मात्र दोन्हीकडे 'पोयटा'.

जुने अहवाल चाळताना 'उस्टोक्रेप्ट' भेटलं तर दचकू नका. ते १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीआधीचं नाव. त्यातल्या बऱ्याच माती आज हॅप्लुस्टेप्टमध्ये येतात. जागतिक संदर्भ पद्धतीत मधल्या उताराची माती कॅम्बिसोल ठरेल.

या नावाचं करायचं काय

३४ सेमी खोली, त्यातले २० टक्के खडे वजा केले तर २७ सेमी खरी माती. पोयटा दर सेमीला साधारण दीड मिमी पाणी झाडांना देऊ शकतो. म्हणजे पूर्ण भरलेली असताना ४० मिमी. ऊन-वाऱ्यात रोज ४ ते ५ मिमी उडतं. आठ-दहा दिवस! जुलै-ऑगस्टमधली दडी तीन आठवड्यांचीही असू शकते. ज्वारी का येत नाही याचं उत्तर हे. गवत तग धरतं कारण ते करपून झोपी जातं आणि पाऊस आला की बुडख्यातून उठतं. हिवर, बोर जगतात कारण त्यांची मुळं त्या वीतभर अंतरावरच्या फटी शोधत खाली जातात. खड्ड्यात नीट बघा, फटींमध्ये मुळांच्या चपट्या जाळ्या सापडतील.

म्हणून अशा उतारावर नांगर घालू नका. १२ सेमीचा 'ए' थर एकदा सुटला की दोन-चार वळवाच्या सरींत ओढ्याला जातो, आणि राहिलेली माती २५ सेमीच्या रेषेखाली घसरते. मोठी वृक्षलागवड करायची तर पायथ्याचा तिसरा खड्डा आधी बघा. उतारावर चराईला दोन पावसाळे विश्रांती देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. सलग समतल चर मारायचे असतील तर वरची माती आणि मुरूम बांधावर मिसळू देऊ नका. मुरूम वर आलेल्या बांधावर वर्षानुवर्षं गवत धरत नाही, असे बांध तुम्ही नक्की पाहिले असतील.

निघण्यापूर्वी

नमुने खालच्या थरापासून वर घेत या, म्हणजे वरून गळलेली माती खालच्या पिशवीत जात नाही. प्रत्येक थराची अर्धा किलो, पिशवीच्या आत एक चिठ्ठी आणि बाहेर एक. बाहेरचं मार्करचं लिखाण गाडीत पुसतं. फोटो टेप लावून, आणि एक टेप न लावता.

मग खड्डा भरा. त्याच दिवशी. रात्री मेंढरू किंवा चिंकारा आत पडला तर पाय मोडतो. आधी मुरूम, तो पायाने दाबत, मग 'बी' थराची माती, सगळ्यात वर काळजीने बाजूला ठेवलेली 'ए' थराची, आणि तिच्यावर उपटून ठेवलेले गवताचे बुडखे, मुळं खाली करून. जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. पहिल्या पावसात ती बसते.